मुंबईचा भराव आणि चिखलातील पक्षी

मुंबईच्या इतिहासाची साधने म्हणजे सनदा, नकाशे आणि बंदराची दप्तरे, असे आपण सामान्यतः धरून चालतो. ही साधने बहुतांशी भूमीच्या बाजूने लिहिलेली आहेत. ओहोटीला उघडा पडणारा चिखल त्यांत येतो तो प्रायः भराव घालण्याजोगी जागा म्हणूनच.

या दृष्टीचे मूळ शब्दातही शोधता येते. भरावाला इंग्रजी दप्तर ‘रिक्लमेशन’ म्हणते. जणू समुद्राने बळकावलेली भूमी परत मिळविली! मराठी ‘भराव’ असा कोणताही हक्क सांगत नाही. तो केवळ कृती सांगतो. विशेष हे की, ‘रिक्लेम’ हे क्रियापद मध्ययुगीन इंग्रजीत शिकारी ससाण्याला हाक मारून परत बोलावणे या अर्थी रूढ होते. पक्ष्याला बोलावणाऱ्या शब्दाने पुढे पक्ष्यांचीच जागा बुजविली. याउलट ‘चिखल्या’ हे मराठी नाव पक्ष्याला त्याच्या चिखलासह ओळखते.

शिवडीच्या धक्क्यावर हिवाळ्यात उभे राहिल्यास हा चिखल ओसाड नाही, हे ध्यानी येते. चिखल्या पृष्ठभागावरचे भक्ष्य टिपतो. शेकाट्या उथळ पाण्यात चालतो. कर्ल्यू आपली लांब, वाकडी चोच खोल रुतवितो. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. निरीक्षकाला घड्याळापेक्षा भरतीचे कोष्टक अधिक उपयोगी पडते.

१८८० मध्ये याच पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉक खुला झाला आणि १८८३ मध्ये याच शहरात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. किनारा बदलणारे आणि त्याची नोंद ठेवणारे असे दोन्ही उद्योग एकाच दशकातले होत. पुढे ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभला. २०२४ मध्ये शिवडीहून निघणारा सागरी सेतूही खुला झाला. हे द्वंद्व अद्याप मिटलेले नाही.

म्हणून तारीख, स्थळ, भरतीची वेळ आणि पक्ष्यांची संख्या नोंदविणारी निरीक्षकाची वही हे इतिहासाचे साधन मानावयास हवे. एखाद्या वर्षी तेथे काहीच दिसले नाही, ही नोंदही पुरावाच होय. नकाशावर भराव दिसतो. त्याखाली काय गेले, हे ती वहीच सांगू शकेल.