समोरच्या उसात पडलेला तारा

सातारा जिल्ह्यात आकाशातून दगड पडल्याची नोंद आहे. साल 1879, तालुका वाई. जागतिक उल्का-यादीत तो ‘कलुंबी’ नावाने आहे, वजन साधारण साडेचार किलो. दगड हाती लागला म्हणून नोंद राहिली. पण जे नुसतं दिसलं आणि विझलं, त्याचं काय? माझं काम त्या उरलेल्या उजेडांवर आहे. साधन एकच, बघणाऱ्यांचं सांगणं.

आणि ते सांगणं ठरलेलं असतं. "अहो, त्या समोरच्या उसात पडला की!" वाईचा माणूस हेच सांगतो, तासगावच्या आजीही हेच. दोघंही खोटं बोलत नाहीत. मोठी उल्का बहुतेकदा जमिनीपासून वीस-तीस किलोमीटर उंचीवरच विझते. पण लांबची उल्का झाडामागं उतरताना दिसली की डोळ्याला शेजारीच पडल्यासारखी वाटते.

म्हणून ‘कुठं पडला?’ हे विचारणं मी सोडून दिलंय. माणसाला तेव्हाच्याच जागी उभं करायचं. कळसाच्या डावीकडं की उजवीकडं? हात लांब करून किती बोटं वर? (एक बोट म्हणजे ढोबळ दोन अंश.) दोन गावांतल्या दिशा नकाशावर ओढल्या की रेघा कुठंतरी छेदतात.

ही युक्ती माझी नाही हो! 1803 मध्ये फ्रान्समधल्या लेगलला दगडांचा पाऊस पडला, तेव्हा बिओ हा शास्त्रज्ञ गावोगाव साक्षी गोळा करत फिरला. आकाशातून दगड पडतात हे तोवर बऱ्याच विद्वानांना पटत नव्हतं. 1976 मध्ये गुजरातेत धजाळाला उल्का पडली, तिची सूर्याभोवतीची कक्षासुद्धा लोकांच्या साक्षींवरून काढली गेली.

कधी एकच शब्द पुरतो. 2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आकाशात उजेडाची रांग दिसली, ‘उल्का’ म्हणून व्हिडिओ फिरले. पण बघणारे म्हणत होते, "हळूहळू गेलं." उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटरने येते, पृथ्वीभोवती फिरणारा कचरा आठच्या आत, तोही जवळजवळ आडवा. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांचं मत पडलं.

तासगावच्या आजींकडे दिवाळीनंतर परत जायचं ठरलं होतं. त्याआधीच त्या गेल्या. त्यांनी लहानपणी पाहिलेल्या उजेडाबद्दल माझ्या वहीत एवढंच आहे: ‘कळसाच्या डावीकडं, चार बोटं वर.’ दुसरी रेघ मी अजून शोधतोय.