ओल असूनही तहान : मुळाला दुष्काळ कळतो कसा

सांगलीजवळच्या माधवनगरच्या पश्चिमेला कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी आहेत. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऊस उभा आहे आणि अतिपाण्यामुळे तिथले कितीतरी रान क्षारपड झाले आहे. पूर्वेला तासगाव ओलांडून कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडे गेले की माळ लागतो, जमीन हलकी होते, पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. पीक दोन्हीकडे कोमेजते. पूर्वेला पाणी नसते म्हणून, आणि पश्चिमेला पाय ओलीत असूनही. शेतकरी ही दोन दुखणी वेगळी धरतो, त्यांवरच्या योजनाही वेगळ्या आहेत. मुळाच्या पेशीला मात्र दोन्हीकडे पहिला आघात सारखाच बसतो. मूळ जमिनीतल्या पाण्याचे प्रमाण मोजत नाही. ते पाणी आत घ्यायला किती ओढ लावावी लागते, एवढेच त्याला कळते.

या ओढीला शास्त्रात जलविभव म्हणतात आणि ती दाबाच्या एककात मोजतात. जमीन वाफशावर असते तेव्हा तिच्यातले पाणी सुमारे पाव-अर्धा बार एवढ्याच ताकदीने मातीला धरून असते. जमीन सुकत जाते तशी ही पकड वाढते. ती 15 बारपर्यंत पोचली की बहुतेक पिके कायमची कोमेजतात. या बिंदूला काळ्या चिकण जमिनीत वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा पाणी शिल्लक असते, तर वाळूसर हलक्या जमिनीत चार-पाच टक्केच. म्हणून काळी माती मुठीत ओलसर लागली तरी पिकाच्या दृष्टीने ती कोरडी असू शकते.

क्षारांचा हिशेब याच खात्यात जमा होतो. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याला स्वतःकडे ओढतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर क्षारांची ओढ सुमारे दीड बार भरते. जमीन वाफशावर येईपर्यंत ती साधारण दुप्पट होते आणि पुढे सुकताना आणखी वाढते. उसाचे उत्पादन 1.7 डेसीसायमन प्रति मीटरपासूनच घसरू लागते. क्षारपड रानातला ऊस पाण्यात उभा राहून तहानलेला असतो तो असा.

आता पेशीच्या आत जाऊ. मुळाची पेशी आतल्या दाबाने फुगलेली, ताठ असते. हा दाब अनेक बारचा असतो आणि त्याच्याच जोरावर मूळ माती रेटत पुढे जाते. बाहेरची ओढ वाढली की पेशीतले पाणी बाहेर निघते, दाब उतरतो, पेशीपटल सैलावते आणि भित्तिकेपासून किंचित ओढले जाते. पहिली खबर या यांत्रिक बदलातूनच मिळते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर काम करणाऱ्या संशोधकांना 2014 साली पेशीपटलात ओस्का-1 नावाचे प्रथिन सापडले. बाहेरची ओढ वाढताच या प्रथिनातली वाट उघडते आणि काही सेकंदांत कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात. क्षारांसाठी आणखी एक वेगळी यंत्रणा आहे. पेशीपटलातले काही विशिष्ट मेद सोडियमला चिकटतात आणि त्यातून कॅल्शियमची दुसरी लाट उठते, हे 2019 साली दाखवले गेले. म्हणजे पेशी ओढ ओळखते आणि ती ओढ सोडियममुळे असली तर तेही ओळखते. सगळे संवेदक सापडलेले नाहीत. पिकांमध्ये तर फारच थोडे तपासले गेले आहेत.

कॅल्शियमनंतर येते ॲबसिसिक आम्ल. वनस्पतीचे हे संप्रेरक 1960च्या दशकात ओळखले गेले. त्याला पकडणारे ग्राही मात्र 2009 साली हाती लागले. ग्राहीने हे आम्ल पकडले की एका विकराचा ब्रेक सुटतो आणि दुष्काळी जनुकांचा संच कामाला लागतो. पेशी प्रोलिन, शर्करा, पोटॅशियम साठवू लागते, म्हणजे आपली स्वतःची ओढ वाढवते. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात मक्याच्या रोपांवर झालेले प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. माध्यमाची ओढ 16 बारपर्यंत नेली, तेव्हा कोंबाची वाढ पूर्ण थांबली. पण मुळाच्या टोकाचे पहिले तीन मिलिमीटर पूर्वीच्याच वेगाने लांबत राहिले. तिथल्या पेशींनी प्रोलिन भरून घेतले होते आणि भित्तिका सैल ठेवणारी प्रथिने वाढवली होती. ॲबसिसिक आम्ल इथे इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाला आवर घालून वाढ चालू ठेवते. त्यामुळे या आम्लाला केवळ ‘वाढरोधक’ म्हणणे मुळाच्या बाबतीत चूक ठरते.

टोक खाली जात असताना फांद्या कुठे फोडायच्या, हा मुळाचा दुसरा निर्णय, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच. ओल्या मातीत पाणी बाहेरून आत येते. त्याच्याबरोबर ऑक्सिन हे संप्रेरक आतल्या थरांकडे सरकते आणि उपमुळाची सुरुवात होते. टोक मातीतल्या पोकळीत शिरले की बाहेरून पाणी मिळत नाही, वाढत्या पेशींना ते अन्नवाहिन्यांतून घ्यावे लागते. प्रवाह उलटा, आतून बाहेर होतो आणि त्याच्याबरोबर ॲबसिसिक आम्लही बाहेरच्या थरांत पोचते. तिथे ते पेशी-पेशींमधली सूक्ष्म भोके बुजवते, ऑक्सिनची वाट अडते आणि फांदी फुटणे थांबते. टोक पुन्हा ओलीला लागले की फांद्या पुन्हा सुरू होतात. नॉटिंगहॅम विद्यापीठातील गटाने 2022 साली हे उलगडले. पाण्याच्या प्रवाहाची दिशा हाच इथे निरोप आहे.

जत-आटपाडीच्या शाळूशी, म्हणजे रब्बी ज्वारीशी, याचा थेट संबंध आहे. मोहोळला स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी 35-1 गेली नऊ दशके टिकून आहे, ती परतीच्या पावसानंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर. ज्वारीच्या रोपाला आधी एकच बीजमूळ असते. चार-पाच पानांच्या सुमारास बुंध्याच्या पेरांतून नवी मुळे निघतात आणि त्यांना वरच्या सुकत्या थरातून खाली उतरावे लागते. काळी जमीन भेगाळली की मुळे तुटतात, उरलेली भेगेच्या हवेत लोंबकळतात आणि वर सांगितल्याप्रमाणे फांद्या धरत नाहीत. शाळूत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याला कोळपणी करण्याची शिफारस आहे. शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. ओल उडू नये एवढाच या कोळपणीचा हेतू सांगितला जातो. माझ्या मते मूळ आणि माती यांचा स्पर्श टिकवणे हे तिचे तितकेच मोठे काम आहे.

मुळाची खबर पानाला जाते तीही एका वाटेने नाही. जपानमध्ये 2018 साली मुळात तयार होणारा सीएलई-25 हा छोटा पेप्टाइड पानापर्यंत जातो आणि तिथेच ॲबसिसिक आम्ल बनवायला लावतो, असे दिसले. त्यातून पर्णरंध्रे मिटतात. त्याच वेळी मुळातली ॲक्वापोरिन, म्हणजे पेशीपटलातली पाण्याची दारे, आखडतात आणि अंतस्त्वचेवर सुबेरिनचा मेणचट थर चढतो, म्हणजे मिळवलेले पाणी उलटे झिरपत नाही.

आटपाडीचा डाळिंब बागायतदार या निरोपाचा उपयोग दरवर्षी करतो. बहार धरण्याआधी तो बागेला ताण देतो, पाने पिवळी पडून गळतात, मग छाटणी करून पहिले पाणी सोडतो आणि झाड फुलते. हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी रानात रेंगाळतो. म्हणून दोन्हीकडे सारखेच दिवस मोजून पाणी तोडणारा बागायतदार फसतो.

पश्चिमेकडच्या पाणथळ रानात आणखी एक घाव बसतो. मातीतला प्राणवायू संपला की मुळाच्या पेशीतला रस आम्ल होतो, आणि त्या आम्लतेनेच ॲक्वापोरिनची दारे मिटतात. पाणी भोवती भरपूर असते, पण आत येत नाही. अशा रानात सुकलेले पीक पाहून आणखी पाणी देणे म्हणजे दुखणे वाढवणे.

आज टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी पूर्वेकडच्या माळावर पोचले आहे, आणि तिथल्या लोकांनी ते किती वाट पाहून मिळवले हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्या शेतकऱ्यांना एवढीच विनंती, की पाळीचा दिवस आला म्हणून पाणी सोडू नका. मुळांच्या खोलीवर मातीची ओढ मोजणारा टेन्शिओमीटर बसवा, नाहीतर निदान खुरप्याने वीतभर खणून ओल बघा, दरवर्षी मातीची विद्युतवाहकता तपासून घ्या आणि ऊस लावण्याआधी निचऱ्याचा चर काढा.