घाव प्रकाशाचा

यंत्राचा भाग मोडतो तो बहुधा बाहेरून. पृष्ठभागावर एखादा ओरखडा असतो, त्यावर पुन्हापुन्हा ताण येतो, बारीक भेग पडते आणि आत सरकू लागते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षे आस फिरवून दाखवून दिले, की एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, तोच वारंवार आला तर तो धातू तुटतो.

उपाय कारागिरांच्या हातात केव्हाचा होता. गार धातू ठोकला की कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामानेही भांड्याला चकाकीबरोबर बळकटी येते. विसाव्या शतकात मोटार कारखान्यांनी हातोडीऐवजी पोलादी छऱ्यांचा मारा सुरू केला. तो मोजण्याची पट्टी जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेनने दिली. माऱ्याने वरचा थर पसरू पाहतो, खालचा धातू त्याला धरून ठेवतो. वरचा थर कायमचा दाबात राहतो आणि भेगेला तोंड उघडता येत नाही. मात्र हा दाब साधारण पाव मिलिमीटरच खोल जातो.

१९६० साली लेसर आला. त्याच्या झोताने धातूची वाफ उडताना मागे धक्का बसतो, हे साठच्या दशकाच्या आरंभी रशियात अस्कारियान आणि मोरोझ यांनी मांडले. पण उघड्यावर ती वाफ विरून जाई. १९७० साली अमेरिकेत अँडरहोमने वर पारदर्शक आवरण ठेवून तिला कोंडले आणि दाब कित्येक पटींनी वाढला. या साऱ्या वाटचालीतली मला सर्वांत देखणी वाटते ती हीच पायरी. कोलंबस शहरातल्या बॅटेल संस्थेत तिचे तंत्र झाले: धातूवर काळा रंग, त्यावर पाण्याचा पातळ थर आणि सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी काळाचा झोत. जळतो तो रंग. धातूला पोचतो फक्त धक्का. त्याचा परिणाम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही खोल जातो.

तरीही हे तंत्र वीसेक वर्षे प्रयोगशाळेतच राहिले. यंत्र अवाढव्य होते आणि एका घावानंतर दुसऱ्यासाठी मिनिटे मोजत बसावे लागे. मग अमेरिकेच्या बी-१बी बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनांत खडे शिरून टायटॅनियमची पाती फुटू लागली. उड्डाणाआधी तंत्रज्ञ प्रत्येक पात्याच्या कडेवरून कापूस फिरवून खाच शोधत. या निकडीने पैसा आला, जलद लेसर आले आणि १९९७पासून ती पाती लेसरने ठोकली जाऊ लागली.

जपानमध्ये तोशिबाने वेगळी वाट धरली. अणुभट्टीतल्या पोलादी जोडांना तडे जात; तिथे रंग लावायला माणूस उतरणार कसा? त्यांनी रंगच वगळला, लहान लहान घाव दाटीने घातले आणि झोत हिरवा निवडला, कारण हिरवा प्रकाश पाण्यातून फारसा न शोषला जाता पार जातो. वाफ कोंडायला लागणारे पाणी भट्टीत आधीपासून होतेच.