शुश्रूषेच्या पायऱ्या

रुग्णालय म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच व्यक्ती उभ्या राहतात : डॉक्टर आणि परिचारिका. परंतु रुग्णाची कूस बदलणारी, त्याचे अंग पुसणारी, घास भरवणारी आणि मलमूत्राचे भांडे उचलणारी तिसरी एक व्यक्ती तेथे असते. तिचे नाव क्वचितच कोणी विचारतो. आपल्याकडे तिला आया म्हणतात, अमेरिकेत नर्सेस एड किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणतात. या बाईला परिचारिका होता येईल काय, आणि तिने रुग्णशय्येपाशी घालवलेल्या वर्षांना ज्ञान म्हणावयाचे की नुसती मजुरी, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादाचा विषय झाला. तेथील कॅलिफोर्निया व टेक्सास या दोन राज्यांत ‘लायसेन्स्ड व्होकेशनल नर्स’ आणि इतर राज्यांत ‘लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स’ या नावाने ओळखला जाणारा परिचारिकांचा वर्ग त्या वादातूनच आकारास आला.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हा अमेरिकेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पद्धतीने चालणाऱ्या परिचारिका विद्यालयांना जेमतेम दहा वर्षे झाली होती. न्यूयॉर्कचे बेलव्ह्यू, न्यू हेवन येथील कनेक्टिकट आणि बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल या रुग्णालयांशी जोडलेली तीन विद्यालये १८७३ साली उघडली. तत्पूर्वी शुश्रूषा हा घरच्या बायकांचा धर्म मानला जाई, अथवा ज्यांना दुसरा आधार नसे अशा गरीब स्त्रियांचा पोटाचा धंदा. नव्या विद्यालयांनी त्या धंद्याला शिस्त, गणवेश आणि प्रतिष्ठा दिली. मात्र ज्या दाराने प्रतिष्ठा आत आली, त्याच दाराने अनेकजणी बाहेर राहिल्या. विद्यालयात दोन-तीन वर्षे राहण्याइतकी सवड ज्यांना नव्हती, त्यांना हे शिक्षण लाभणे कठीण होते.

अशा स्त्रियांसाठी १८९२ साली न्यूयॉर्कच्या शेजारच्या ब्रुकलिन शहरात यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने एक लहानसा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची मुदत अवघी तीन महिन्यांची. घरोघरच्या जुनाट आजाऱ्यांची, वृद्धांची व मुलांची निगा कशी राखावी, पथ्याचे अन्न कसे शिजवावे, एवढेच त्यात शिकवीत. पुढे १९०७ साली व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो गावी अशाच प्रकारचे विद्यालय निघाले. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या प्रारंभी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, याचे येथे स्मरण होते. आजाऱ्याला हात लावण्याचे काम कुलीन स्त्रीला शोभत नाही, हा समज दोन्हीकडे होता. आणि स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याची गरजही दोन्हीकडे होती.

येथून पुढे ही कथा कायद्याची आहे. १९०३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा केला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. नोंदणीकृत परिचारिका व बाकीच्या सर्वजणी अशी रेघ त्यामुळे ओढली गेली. रेघेखालच्या वर्गाला प्रथम मान्यता दिली ती मिसिसिपी राज्याने १९१४ साली. परंतु हे पाऊल एकाकीच राहिले. १९४० पर्यंत असा कायदा केवळ सहा राज्यांत होता. न्यूयॉर्कने मात्र १९३८ साली पुढची मजल मारली. मोबदला घेऊन शुश्रूषा करावयाची असेल तर परवाना हवाच, मग ती परिचारिका वरच्या वर्गातील असो वा खालच्या, असे तेथील कायद्याने ठरवले. युद्धामुळे त्याची अंमलबजावणी काही वर्षे लांबणीवर पडली.

त्या युद्धाने चित्रच पालटले. नोंदणीकृत परिचारिका हजारोंनी सैन्यात गेल्या आणि घरची रुग्णालये ओस पडू लागली. तेव्हा अमेरिकन रेडक्रॉसने स्वयंसेविकांना अवघ्या ८० तासांचे शिक्षण देऊन वॉर्डांत उभे केले. अशा स्वयंसेविकांची संख्या दोन लाखांवर गेली. शांतता झाल्यावर त्या घरी परतल्या, पण रुग्णालयांनी एक धडा घेतला होता. शुश्रूषेच्या कामाचे तुकडे पाडता येतात, आणि प्रत्येक तुकड्याला सारखे शिक्षण लागत नाही. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने सरकारी पैशातून नवी रुग्णालये उभी राहू लागली. खाटा वाढल्या, परंतु त्या प्रमाणात परिचारिका कोठून आणावयाच्या? वॉर्डांतील पोकळी पगारी मदतनिसांनी आणि प्रॅक्टिकल नर्सेसनी भरून काढली. शिक्षणसंस्थांची एक संघटना १९४१ सालीच निघाली होती. १९४९ साली या परिचारिकांनी आपला स्वतःचा राष्ट्रीय संघही स्थापन केला. कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांनी व्होकेशनल नर्सविषयीचे कायदे १९५१ साली केले, आणि १९५५ पर्यंत देशातील सर्व राज्यांत परवान्याची पद्धत रूढ झाली.

हे कायदे झाले तेव्हा वर्षानुवर्षे काम करीत आलेल्या अनुभवी स्त्रियांचे काय करावयाचे, हा पेच पडला. पुष्कळ राज्यांनी ठराविक मुदतीपुरती सूट देऊन त्यांना अनुभवाच्या बळावर परवाने दिले. पण ही सूट संपली आणि दार बंद झाले. त्यानंतर मदतनीस म्हणून कामाला लागलेल्या बाईला परवाना हवा असेल, तर नोकरी सोडून वर्षभर विद्यालयात बसणे प्राप्त झाले. जिच्या पगारावर घर चालते, तिने वर्षभर पगाराविना राहावे कसे? शिडी भिंतीला लावलेली होती, पण तिची पहिली पायरीच जमिनीपासून फार उंच होती.

ही अडचण सर्वांना सारखी नव्हती. दक्षिणेतील बहुतेक परिचारिका विद्यालये कृष्णवर्णीय मुलींना दीर्घकाळ बंदच होती. उत्तरेकडील मोठ्या शहरांतही रुग्णालयांची हलकी कामे बहुतांशी कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकोहून आलेल्या स्त्री-पुरुषांकडेच असत. १९५९ साली न्यूयॉर्कच्या सात रुग्णालयांतील अशा कामगारांनी ४६ दिवस संप केला. भाकरीचा प्रश्न अर्थातच त्यात होता, परंतु माणूस म्हणून दखल घ्या, ही मागणीही तितकीच तीव्र होती. हा संप चालवणाऱ्या ‘११९९’ या कामगार संघटनेने पुढे दहा वर्षांनी, म्हणजे १९६९ साली, मालकांच्या वर्गणीतून एक शिक्षण निधी उभारला. मदतनिसाला वरच्या जागेचे शिक्षण घेता यावे आणि त्यासाठी त्याच्या घरची चूल विझू नये, हा त्याचा हेतू होता. हा निधी पुढेही टिकून राहिला. पगारवाढ एका वर्षाच्या महागाईत विरून जाते, पण परवाना जन्मभर सोबत राहतो, ही जाण त्यामागे होती.

कॅलिफोर्नियाने या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिले. तेथे मान्यताप्राप्त विद्यालयातून व्होकेशनल नर्स व्हावयाचे तर १,५३० तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यांतील ५७६ तास वर्गातले आणि ९५४ तास प्रत्यक्ष रुग्णांमधले. टेक्सासमध्ये हीच संख्या १,३९८ तासांची आहे. परंतु कॅलिफोर्नियाने या राजमार्गाच्या शेजारी एक पाऊलवाटही ठेवली. ज्या मदतनिसाने रुग्णशय्येपाशी ५१ महिने पगारी काम केले आहे आणि औषधविज्ञानाचा ५४ तासांचा अभ्यास पुरा केला आहे, त्यालाही परवान्याच्या परीक्षेस बसता येते. त्याचे कसब प्रमाणित झालेले असावे लागते, आणि परीक्षाही सर्वांना एकच. म्हणजे राज्य येथे कोणावर कृपा करीत नाही. सव्वाचार वर्षे जे हातांनी शिकले, तेही शिक्षणच होय, एवढे फक्त ते मान्य करते.

याच्या उलट दिशेचाही एक विचार त्या काळात बळावला. १९६५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने अशी भूमिका घेतली की, व्यवसायी परिचारिकेचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीपर्यंत न्यावे. वैद्यकशास्त्र गुंतागुंतीचे होत होते, आणि चुकीचे औषध वा चुकीची मात्रा रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. म्हणून त्या भूमिकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मात्र पदवीचा उंबरठा जितका वर जाई, तितके मदतनिसापासूनचे अंतर वाढत जाई.

खुद्द मदतनिसाच्या शिक्षणाकडे केंद्र सरकारचे लक्ष गेले ते फार उशिरा. वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील हेळसांडीवर १९८६ साली एका राष्ट्रीय समितीचा अहवाल आला, आणि १९८७ च्या कायद्याने तेथील मदतनिसाला किमान ७५ तासांचे शिक्षण व परीक्षा सक्तीची केली. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १६० तासांची आहे. पाऊणशे तास आणि दीड हजार तास, या दोन आकड्यांमध्ये दोन आयुष्यांचे अंतर आहे. २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार मदतनिसाचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ३८ हजार डॉलर होते, तर परवानाधारक परिचारिकेचे सुमारे ६० हजार. अधिकारांतही तेवढाच फरक. मदतनीस नाडी व ताप मोजते आणि आढळले ते कळवते. परवानाधारक परिचारिका औषध देते, सुई टोचते, जखम बांधते, आणि नोंदणीकृत परिचारिकेच्या वा डॉक्टरच्या देखरेखीखाली आपल्या कृतीची जबाबदारी घेते.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परवाना हा रुग्णाच्या रक्षणासाठी असतो. त्याची अट सैल केली तर त्याचे मोल रुग्णाला मोजावे लागते. तथापि परीक्षा कडक असणे आणि परीक्षेची वाट बंद असणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ब्रुकलिनच्या त्या तीन महिन्यांच्या वर्गापासून कॅलिफोर्नियाच्या ५१ महिन्यांच्या पाऊलवाटेपर्यंत जेथे जेथे ही वाट मोकळी ठेवली गेली, तेथे तेथे रुग्णालयाला अशी परिचारिका मिळाली, जिने पूर्वी स्वतः भांडे उचलले होते आणि कूस बदलताना रुग्ण कोठे कण्हतो हे जिला पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक होते. असे ज्ञान कोणत्याही विद्यालयाला सहजासहजी देता येत नाही. ते ज्याच्यापाशी आहे, त्याला पुढची पायरी चढू देणे, यात शहाणपण आहे आणि रुग्णाचे हितही आहे.