नव्याचे स्वागत, जुन्याची पाठवणी

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या माळ्यावरून आजीचा तांब्याचा हंडा खाली येतो आणि कपाटाच्या खणातून चार जुने मोबाईल बाहेर पडतात. हंड्याला चिंच लावली की तो पुन्हा झळकतो. मोबाईलचे करायचे काय, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही. वाचकहो, हा प्रश्न एका प्राध्यापकाने थेट यंत्रे योजणाऱ्यांच्याच सभेत मांडला, त्याची ही हकीकत.

माणसाचे आणि संगणकाचे सूत नीट कसे जुळावे, हे पाहणारे एक शास्त्र आहे. त्याची पहिली मोठी परिषद १९८२ साली अमेरिकेत गेथर्सबर्ग येथे भरली. पडद्यावर काय कोठे असावे, शिकणाऱ्याला सोपे कसे जावे, चुका कशा टळाव्यात, हे या मंडळींच्या चिंतेचे विषय. वस्तू वापरून झाल्यावर तिचे काय होते, ही चिंता सहसा दुसऱ्यांवर सोपवलेली.

२००७ साली सॅन होजे येथील परिषदेत इंडियाना विद्यापीठाचे एली ब्लेव्हिस यांनी निबंध सादर केला. त्यांचे म्हणणे असे की, नव्या यंत्रामुळे जी जुनी यंत्रे अडगळीत जाणार, त्यांची वाट काय, हे सांगितल्याखेरीज नव्याची योजना पुरी झाली असे समजू नये. सॉफ्टवेअर म्हणजे नुसती अदृश्य विद्या. पण तीही धडधाकट यंत्राला अकाली म्हातारे करते, याकडे त्यांनी बोट दाखवले. दुरुस्ती, पुनर्वापर, वाटून वापरणे यांबरोबरच वस्तूला वारशाचा मान मिळावा, हेही त्यांनी आपल्या यादीत घातले. वारसा! यंत्रशास्त्राच्या निबंधात हा शब्द वाचून मला आमचा हंडाच आठवला.

दैवाची गंमत अशी की, त्याच वर्षी जूनमध्ये आयफोन अमेरिकेच्या बाजारात आला आणि नवा फोन हातात, जुना खणात, हा परिपाठ घरोघरी रुजला. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या वस्तूंचा कचरा निघाला. त्यातील पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही.

ब्लेव्हिसांच्या निबंधाने त्या शास्त्राला एक नवी शाखा फुटली, हे खरे. पण प्रश्न पंडितांपुरता ठेवून कसे चालेल? पाडव्याला नवा फोन घ्यायला गेलात, तर दुकानदाराला एवढे जरूर विचारा : हा किती वर्षे दुरुस्त होईल? आजीने हंडा घेताना ठोकून पाहिला होता.