श्रीरामपूरचा निरोप

हावड्याहून बंडेल लोकल पकडली की श्रीरामपूर अर्ध्या-पाऊण तासात येते. नगर जिल्ह्यातले नव्हे. हुगळीकाठचे, 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात असलेले. कोलकात्यात राहणारी माणसे रविवारी तिथे नदी आणि जुन्या इमारती पाहायला जातात. मराठीतून भाषांतरे करणाऱ्या माझ्यासारखीला तिथे आणखी एक ओढ असते. विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 साली इथल्याच छापखान्यात छापले गेले, आणि मोडी अक्षरांतला त्याचा मराठी कोश 1810 साली. मराठीपासून इतक्या लांबच्या गावात! वैजनाथ पंडितांची त्याला मदत होती, हे आपण फारसे आठवत नाही.

पण मी गेले होते ते दुसऱ्या कारणाने. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. वय सतरा वर्षे. नवरा गोपाळराव इथे टपाल खात्यात नोकरीला. आनंदीबाई म्हटले की आपल्याला कल्याण, अलिबाग आणि शेवटचे पुणे आठवते. मधला बंगाल आपण गाडीच्या खिडकीतून पाहावा तसा मागे टाकतो. त्यांचे जाणे मात्र इथून झाले.

निरोपसमारंभ म्हटले की हारतुरे आणि शुभेच्छा डोळ्यांसमोर येतात. हे भाषण तसे नाही. ती जवळजवळ आरोपपत्राला दिलेली उत्तरे आहेत. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? संकट आले तर काय करशील? आजवर कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस? आनंदीबाई प्रश्न एकेक करून घेतात. मुंबईत शाळेत जाताना लोक कसे हसत, ते सांगतात. शिबी आणि मयूरध्वज यांची नावे घेतात: दुसऱ्यासाठी देह झिजवणे आपल्याकडे नवीन आहे का, असा त्यांचा सूर. आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असे बजावतात.

हे सारे त्या इंग्रजीत बोलल्या. मराठी समजणारे समोर कितीसे असणार, आणि बंगाली ही काही त्यांची भाषा नव्हे. कॅरोलाइन डॉल यांनी 1888 साली लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात ते भाषण छापलेले आहे. म्हणजे मराठी बाईचे हे सर्वांत धीट भाषण मराठी वाचकाला भाषांतरातूनच वाचावे लागते. त्यातल्या ‘एक्सकम्युनिकेट’ या शब्दाशी मी बराच वेळ अडले. तो चर्चच्या वापरातला शब्द. ‘बहिष्कार’ लिहिला तर तो वर्तमानपत्री होतो, ‘जातिबहिष्कृत’ कागदी. घरात हा प्रश्न ज्या शब्दांत आला असेल ते म्हणजे ‘वाळीत टाकणे’. मी तेच लिहिले. त्यांच्या मनात तेच होते, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

31 मार्चला त्यांना अठरावे संपले. आठवड्याने, 7 एप्रिलला, ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीने त्या निघाल्या. बरोबर नात्यातले कोणी नव्हते; सोबत होती ती मिशनरी बायकांची. 4 जूनला न्यूयॉर्क. तिथे उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मासिकात गोपाळरावांचे पत्र त्यांच्या वाचनात आले आणि तिथून हा सारा पत्रव्यवहार सुरू झाला होता. कॉलेज सुरू होईपर्यंतचा उन्हाळा आनंदीबाईंनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्या घरी काढला. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानत. आईची बहीण म्हणावी असे माणूस परक्या देशात चार महिन्यांत मिळावे आणि पुन्हा त्यालाही निरोप द्यावा लागावा. शरद ऋतूत फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज सुरू झाले. हा दुसरा निरोप भाषणाशिवाय झाला. माझ्या मते पहिल्यापेक्षा तो कठीण असावा, कारण तिथे उत्तरे द्यायला समोर कोणी विरोधक नव्हता.

11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केलेली होती. ती त्यांना घेता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. श्रीरामपूरच्या भाषणाला नुकतीच चार वर्षे पूर्ण झाली होती, वर दोन दिवस. हिंदू म्हणून परत येण्याचा शब्द त्यांनी पाळला होता.

अस्थी मात्र कार्पेंटरबाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत.

परतीची लोकल यायला वेळ होता, म्हणून मी नदीपर्यंत चालत गेले. पलीकडे बराकपूर. नावाडी दोन्ही तीरांवरची माणसे ने-आण करत होता.