पोटाचं दुखणं आणि बाईचं सांगणं

आज एका दुखण्याचा इतिहास सांगायचा आहे. दुखणं असं, की चारचौघींत त्याचं नाव निघालं तरी आपण पदर तोंडाला लावतो. पोटात कळ येते, हातातलं काम टाकून परसाकडला पळावं लागतं, जाऊन आलं की जरा बरं वाटतं आणि थोड्या वेळानं पुन्हा कळ. हे दोन-चार दिवसांचं नाही, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं. अशी बाई लग्नाच्या वऱ्हाडात जात नाही. एसटीनं तालुक्याला जायचं असलं तर आदल्या रात्रीपासून जेवत नाही. गटाच्या बैठकीत दाराजवळची जागा धरते. घरचे म्हणतात, हिचं पोट नाजूक. शेजारीण म्हणते, मनाला लावून घेते. दवाखान्यात रक्त तपासतात, शौच तपासतात, सोनोग्राफी होते, आणि सगळं नॉर्मल येतं.

डॉक्टर याला आयबीएस म्हणतात, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. कुणाला यात बद्धकोष्ठता होते, कुणाला जुलाब, कुणाला आलटूनपालटून दोन्ही. मी बोलणार आहे ते जुलाबाच्या प्रकाराबद्दल, कारण लपवायला सगळ्यात अवघड तोच.

यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. आतडं अन्न पुढं ढकलत असतं, त्या हालचालीची लय बिघडते. आतड्यातल्या नसा इतक्या हळव्या होतात की साध्या गॅसनंही जीव कळवळतो. मेंदू आणि आतडं एकमेकांना सतत निरोप धाडत असतात, म्हणून काळजीनं, जागरणानं त्रास वाढतो. पण काळजीनं वाढतो म्हणजे तो खोटा, असं होत नाही. दमाही धुळीनं वाढतो, म्हणून दमेकऱ्याला कुणी ढोंगी म्हणत नाही.

यंत्रात काही दिसत नाही, म्हणजे या आजाराला पुरावा एकच, आजारी माणसाचं सांगणं. ते सांगणं, त्यातही बाईचं सांगणं, कुणी कधी खरं मानलं, तोच हा इतिहास.

आपल्या देशात या त्रासाची ओळख फार जुनी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीवर आहे. शौच कधी घट्ट, कधी पातळ, अन्न पचत नाही, हे सगळं तिथं येतं आणि त्यावर ताकाची थोरवी सांगितली आहे. आपल्या आज्या-पणज्या ‘संग्रहणी’ म्हणायच्या आणि ताकात सुंठ घालून द्यायच्या, ते उगाच नाही. ग्रहणी म्हणजेच आयबीएस असं मात्र मी म्हणणार नाही. त्या एका नावाखाली पोटाचे इतरही आजार येत असणार. पण निदान नाव तरी होतं, आणि नाव असलं की दुखण्याला घरात जागा मिळते.

इंग्लंडमध्ये १८४९ साली कमिंग नावाच्या डॉक्टरनं नोंद केली, की एकाच माणसाला कधी बद्धकोष्ठता होते, कधी जुलाब. एकाच रोगाची अशी दोन उलटी लक्षणं कशी, हे आपल्याला उलगडत नाही, असंही त्यानं मोकळेपणानं लिहिलं. मला हा डॉक्टर आवडतो. कळलं नाही तर कळलं नाही म्हणाला.

पुढच्या लोकांनी तेवढा मोकळेपणा दाखवला नाही. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर या फार मोठ्या डॉक्टरचं वैद्यकाचं पुस्तक निघालं. त्यावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. त्यात या त्रासाचं वर्णन आहे, आणि असे रुग्ण बहुतेक चिंतातुर, हळव्या मनाचे, हिस्टेरियाचे असतात असा सूर आहे. हिस्टेरिया हा शब्दच गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला. म्हणजे दुखतंय आतडं आणि दोष गर्भाशयाला! पुस्तकात एकदा असं छापलं गेलं की पोट धरून आलेल्या बाईला डॉक्टर आधी मनाचंच विचारणार. ‘इरिटेबल बॉवेल’ हे नाव १९४४ च्या सुमारास रूढ व्हायला लागलं, पण बाईकडं बघायची नजर लगेच बदलली नाही.

बदल सुरू झाला तो विचारून लिहून घेण्यापासून. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रूलव्ह या दोन डॉक्टरांनी १३० रुग्णांची नीट हकिकत घेतली. तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांचा त्रास हगवणीच्या एका मोठ्या आजारानंतर सुरू झाला होता. हगवण बरी झाली, जंतू गेले, पण आतडं पूर्वीसारखं झालं नाही. मग १९७८ मध्ये ब्रिस्टल शहरात मॅनिंग आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी रुग्णांना प्रश्नावली भरायला दिली, आणि कोणती लक्षणं एकत्र आली तर हाच आजार समजावा हे त्या उत्तरांवरून ठरवलं. पुढं जगभरातले डॉक्टर रोम शहरात जमले आणि नियम पक्के करत गेले, म्हणून त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ च्या निकषांप्रमाणे त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत, शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखलेलं असावं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असावा किंवा शौचाच्या वेळा अथवा रूप बदललेलं असावं. या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. यात मशीन कुठं आहे का? सगळं सांगण्यावर आहे.

ब्रिस्टलमधूनच १९९७ मध्ये आणखी एक गंमतीची पण कामाची गोष्ट निघाली. शौच कसं होतं याची सात चित्रं. पहिलं आपल्या शेळीच्या लेंड्यांसारखं, चौथं मऊ आणि सलग, सातवं नुसतं पाणी. लाजणाऱ्या माणसानं तोंडानं काही बोलायचं नाही, चित्रावर बोट ठेवायचं. विलायतेतही लोक लाजतात, हे ऐकून मला बरं वाटलं.

हगवणीनंतर हे दुखणं मागं राहतं, याचा सगळ्यात पक्का पुरावा मिळाला तो कॅनडातल्या वॉकरटन नावाच्या लहान गावातून. ऑन्टारिओ प्रांतातलं हे गाव, लोकवस्ती पाच हजारांच्या आत. भोवती शेती आणि गुरं. म्हणजे फार परकं नाही. मे २००० मध्ये तिथं काही दिवस धो धो पाऊस पडला. जवळच्या शेतातलं शेणखत पावसाच्या पाण्याबरोबर गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत उतरलं. त्यातून ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळाला आले. विहिरीत क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं, रोज मोजलं जात नव्हतं, आणि वहीत मात्र आकडे बिनबोभाट भरलेले होते. आपल्याकडं टीसीएल पावडर न टाकता रजिस्टरवर सही होते, तसंच. प्रयोगशाळेनं पाणी दूषित असल्याचं कळवलं, तेही पाणीवाल्यांनी दाबून ठेवलं.

हे उघडकीला आलं एका बाईमुळं. शेजारच्या शहरातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांच्याकडं वॉकरटनची दोन मुलं रक्ताचे जुलाब होऊन आली. दोघं एकाच शाळेतली. त्यांना शंका आली आणि त्यांनी आरोग्य खात्याला फोन केला. खात्यानं पाणीवाल्यांना विचारलं तर उत्तर आलं, पाणी चांगलं आहे. शेवटी २१ मे रोजी खात्यानं स्वतःच पाणी उकळून प्यायची सूचना दिली. तोवर उशीर झाला होता. सात माणसं दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली.

पेपरातली बातमी इथं संपते. पण तिथल्या डॉक्टरांनी एक शहाणपणाचं काम केलं. ते पुढची आठ वर्षं गावातल्या लोकांना विचारत राहिले. दोन-तीन वर्षांनी दोन हजारांवर लोकांची पाहणी झाली. ज्यांना तेव्हा काही झालं नव्हतं त्यांच्यात शंभरात दहा जणांना आयबीएसचा त्रास होता. ज्यांना जुलाब झाल्याची खात्रीची नोंद होती त्यांच्यात शंभरात ३६ जणांना. आठ वर्षांनी, आजारी पडलेल्यांपैकी शंभरात १५ जणांचा त्रास तरीही शिल्लक होता. कुणाला जास्त झाला? ज्यांचे जुलाब आठवड्यावर चालले होते त्यांना, तरुण वयाच्या माणसांना आणि बायकांना.

‘मनाला लावून घेते’ असं म्हणणाऱ्यांना यापुढं वॉकरटनचं नाव सांगावं. तिथल्या बायकांच्या मनात आधी काही बिघडलं नव्हतं. बिघडली होती विहीर.

आणि बघा योग, त्याच २००० सालात अमेरिकेत दुसरी गोष्ट घडत होती. फेब्रुवारीत तिथल्या सरकारी औषध खात्यानं अलोसेट्रॉन नावाच्या गोळीला परवानगी दिली. बाजारातलं नाव लोट्रोनेक्स, कंपनी ग्लॅक्सो वेलकम. ही गोळी आयबीएसच्या जुलाबावरची आणि फक्त बायकांसाठी, कारण पुरुषांवर तिचा गुण सिद्ध झाला नव्हता. ज्या बायका संडासाच्या आसपास आयुष्य काढत होत्या, त्यातल्या कित्येकींना गुण आला. पण काही महिन्यांतच वाईट बातम्या आल्या. काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी होऊन आतड्याला इजा झाली, काहींना इतकी बद्धकोष्ठता झाली की ऑपरेशन करावं लागलं, काही दगावल्या. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीनं गोळी मागं घेतली.

एरवी गोष्ट इथं मिटली असती. पण ज्यांना गुण आला होता त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी खात्याला आणि कंपनीला पत्रं लिहिली, एकमेकींना शोधून काढलं, एप्रिल २००२ मध्ये सरकारी समितीपुढं उभ्या राहून सांगितलं की आम्हाला घराबाहेर पडता येत नाही, आमच्या नोकऱ्या गेल्या, धोका समजावून सांगा पण निर्णय आम्हाला घेऊ द्या. विचार करा, सगळ्यांसमोर, माईकवर, आपल्या जुलाबाबद्दल बोलायचं! दुसऱ्या बाजूला ग्राहकांसाठी लढणारे लोक म्हणत होते, ज्या आजारानं जीव जात नाही त्याच्या औषधानं जीव जावा हे कसं चालेल? त्यांचंही चूक नव्हतं. मेलेल्याही बायकाच होत्या.

जून २००२ मध्ये गोळी परत आली, पण कडक अटींवर. फक्त बायकांना, फक्त त्रास फार जास्त असेल आणि इतर उपाय थकले असतील तेव्हा, डोस सुरुवातीला कमी, आणि धोका समजल्याची बाईची सही. बंद झालेलं औषध रुग्णांच्या मागणीवरून परत येणं ही तिथंही फार दुर्मीळ गोष्ट. माझ्या मते सहीची अट सगळ्यात महत्त्वाची होती, कारण सही घ्यायची म्हणजे आधी बाईला बसवून सगळं समजावून सांगावं लागतं. ऐकणाऱ्या कुणी हे नाव चिठ्ठीवर लिहून दुकानात जाऊ नये, इतिहास म्हणून सांगितलं.

आता आपल्या देशाचं. २००८ मध्ये भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं मोठी पाहणी प्रसिद्ध केली. दवाखान्यात आलेल्या रुग्णांत तीनात दोन पुरुष होते. मग आपल्याकडं बायकांना हा आजार कमी होतो का? हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये घरोघरी जाऊन विचारलं, ती पाहणी २०११ मध्ये छापून आली. शंभरात चार जणांना आयबीएस निघाला, आणि बायकांत पुरुषांपेक्षा थोडा जास्तच. म्हणजे आजार घरात आहे, दवाखान्यात पोचत नाही. का पोचत नाही, ते तुम्हाला मी काय सांगायचं? गाडीखर्च, सोबत कोण येणार, आणि वाटेत कळ आली तर जायचं कुठं.

या शेवटच्या गोष्टीचाही आपला इतिहास आहे. घरोघरी संडास नव्हते तेव्हा बायकांनी पहाटे अंधारात किंवा दिवेलागणीनंतर जायचं, मधल्या वेळी नाही, हा अलिखित नियम होता. जिचं पोट हा नियम पाळत नव्हतं तिनं काय केलं असेल? खाणंपिणं तोडलं असेल. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं, देशात स्वच्छ भारत अभियान २०१४ मध्ये. घरी संडास आले, पण बाजारात, स्टँडवर, शेतावर बाईचा प्रश्न बराचसा तसाच आहे. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून चळवळ चालवली, ती याच मागणीसाठी.

दवाखान्यात जाल तेव्हा किती महिने झाले, दिवसातून किती वेळा, कशानं वाढतं, हे आठ-पंधरा दिवस वहीत लिहून न्या. सांगायला लाज वाटली तर वही पुढं करा, नाहीतर आशाताईंना सोबत घ्या. आणि शौचातून रक्त जात असेल, काही न करता वजन उतरत असेल, ताप येत असेल, अंगात रक्त कमी निघालं असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल किंवा हा त्रास पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर आयबीएस असेल म्हणून थांबायचं नाही. ती लक्षणं दुसऱ्या आजाराची असू शकतात. त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं, आणि डॉक्टरांना हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.